मीडियम फॉरमॅटवर टू-एक्स कन्व्हर्टर लावून पोर्ट्रेट: जमतं, पण कुठे?

प्रश्न असा आहे: हॅसलब्लाड ५०० सी/एम हा मीडियम फॉरमॅटचा (५६ मिमी चौकोनी निगेटिव्हचा) फिल्म कॅमेरा आहे आणि सोबत ८० मिमी एफ/२.८ ही एकच लेन्स. पोर्ट्रेट काढायचेत. १५० मिमी लेन्स सध्या बजेटमध्ये बसत नाही, पण एक जुना टू-एक्स टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ दुप्पट करणारा) मिळतोय. तो लावून ८० ची १६० झाली, तर १५० घ्यायची गरज उरेल का? आणि शार्पनेस किती जाईल?

गरज उरेल, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी वेळा. शार्पनेसची चिंता सगळे आधी करतात, पण पोर्ट्रेटमध्ये ती सगळ्यात शेवटी करायची गोष्ट आहे. कन्व्हर्टर लावल्यावर माझे जे फोटो वाया गेले, त्यातले बहुतेक फोकस चुकल्याने गेले, आणि फोकस चुकला तो व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार झाल्यामुळे. पण ते पुढे. पोर्ट्रेटला लांब लेन्स लागते तरी कशाला, इथून सुरू करू, कारण कन्व्हर्टरचा उपयोग आणि दुरुपयोग दोन्ही तिथेच ठरतात.

चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी उतरेल हे फोकल लेंग्थवर ठरत नाही, तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरतं. नुसत्या ८० ने डोकं आणि खांदे, म्हणजे साधारण अर्धा मीटर चौकोन, फ्रेममध्ये भरायचा तर फिल्मपासून जेमतेम ९० सेंटिमीटरवर यावं लागतं. प्लॅनार ८० ची, म्हणजे याच लेन्सची, सगळ्यात जवळची फोकस-मर्यादाही तेवढीच आहे. नाकाचं टोक आणि कान यांत बारा सेंटिमीटरचं अंतर धरा. एवढ्या जवळून नाक कानापेक्षा सुमारे पंधरा टक्के मोठं उमटतं. नाक फुगतं, कान मागे पळतात, कपाळ पुढे येतं. तोच अर्धा मीटर १६० ने भरायचा तर पावणेदोन मीटरवर जावं लागतं आणि हा फरक सात टक्क्यांच्या आसपास येतो. चेहरा आपण समोर बसून बघतो तसा दिसायला लागतो. कन्व्हर्टरचं खरं काम एवढंच: तुम्हाला मागे सरकवणं.

आणि इथेच सापळा आहे. हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यात फोकस लेन्सच्याच रिंगने होतो. अशा लेन्सला मागून कन्व्हर्टर लावला की जवळची मर्यादा बदलत नाही. ८० ची ९० सेंटिमीटर होती, १६० झाल्यावरही ९० च राहते. जाहिरातींत हा मोठा फायदा म्हणून सांगायचे, आणि क्लोजअपसाठी तो आहेच: त्या अंतरावर फ्रेम साधारण २५ सेंटिमीटर चौकोनाची होते, म्हणजे हनुवटीपासून केसांपर्यंत चेहराच चेहरा. पण उभे तुम्ही ९० सेंटिमीटरवरच आहात. नाक तेवढंच मोठं येणार, फक्त आता फ्रेमभर येणार. कन्व्हर्टर घेऊन जवळ जाणाऱ्याने कन्व्हर्टर न घेतलेलाच बरा. मी स्टुडिओत खुर्चीपासून १.७ मीटरवर जमिनीवर टेपची पट्टी चिकटवतो आणि ट्रायपॉडचा पुढचा पाय तिच्या अलीकडे येऊ देत नाही. पोरकट वाटेल, पण बोलण्याच्या नादात माणूस पुढे सरकतोच.

ज्यांच्याकडे मामिया आरबी ६७ आहे त्यांनी वरचा नियम विसरायचा. तिथे फोकस बेलोजने (घडीच्या भात्याने) होतो आणि बेलोजची लांबी एकूण ४६ मिमी. लेन्स आणि कन्व्हर्टर दोघे मिळून एकच लांब लेन्स असल्यासारखे पुढेमागे सरकतात. नुसती १२७ मिमी पूर्ण बेलोजवर साधारण ६५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. टू-एक्स लावून २५४ झाली की तेच ४६ मिमी अपुरे पडतात आणि जवळची मर्यादा दोन मीटरच्या आसपास येते. पोर्ट्रेटला हे एका अर्थी बरंच आहे, कॅमेराच तुम्हाला जवळ जाऊ देत नाही. फक्त बेलोज पूर्ण ताणल्यावर अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वेगळा द्यावा लागतो, कन्व्हर्टरच्या दोन स्टॉपवर.

आता उजेड. टू-एक्स दोन स्टॉप खातो, १.४-एक्स एक स्टॉप. तुमची एफ/२.८ ची लेन्स कामापुरती एफ/५.६ ची झाली. लेन्सवरचे आकडे मात्र तेच राहतात, आणि माणूस आकड्यांवर विश्वास ठेवतो. माझा पहिला पूर्ण रोल असाच गेला. फ्लॅश मीटर म्हणाला एफ/११, मी रिंग निष्ठेने ११ वर नेली, बारा फ्रेम काढल्या. फिल्मवर पोचला तो एफ/२२ चा उजेड. कलर निगेटिव्ह होती म्हणून चेहरे कसेबसे वाचले, पण काळ्या केसांच्या जागी हिरवट चिखल आणि कोटाच्या बाहीत नुसता ग्रेन. कोट काळा होता की गडद निळा हे निगेटिव्ह बघून सांगता आलं नसतं.

त्यानंतर मी आकडेमोड डोक्यात करणं सोडलं. हातातल्या मीटरवर फिल्मचा आयएसओ चौपटीने कमी लावतो: ४०० ची फिल्म असेल तर मीटरवर १००. मग मीटर जो आकडा देईल तोच थेट लेन्सवर लावायचा. १.४-एक्स असेल तर २००. काम संपल्यावर मीटर परत मूळ आकड्यावर आणायचा, नाहीतर पुढचा रोल दोन स्टॉप जास्त उजेडात न्हाऊन निघतो (कलर निगेटिव्हला ते चालतं, स्लाइडला नाही). लेन्समधून मोजणारा मीटर-प्रिझम वापरत असाल तर हा उपद्व्याप नको. तो कन्व्हर्टरमधून येणाराच उजेड मोजतो. तुम्ही वर आणखी भरपाई दिलीत तर दोनदा दिल्यासारखं होईल.

स्टुडिओत फ्लॅश असेल तर दोन स्टॉपचं दुःख फारसं नाही. तिथे आपण एफ/८ किंवा ११ वरच काम करतो, फ्लॅशची ताकद चौपट वाढवायची एवढंच. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच लीफ शटर (पात्यांचं शटर) असल्याने १/५०० पर्यंत कुठल्याही स्पीडला फ्लॅश जुळतो, त्यामुळे आजूबाजूच्या उजेडाचा त्रास नाही आणि कॅमेरा हललेलाही दिसत नाही. खिडकीच्या उजेडात मात्र गणित लगेच टोचायला लागतं. समजा ४०० च्या फिल्मला मीटरने एफ/४ ला १/६० दिलं. कन्व्हर्टर लावून लेन्स पूर्ण उघडी ठेवली तरी शटर १/३० वर येतं, एक स्टॉप बंद केली की १/१५. १६० मिमी हातात धरायची तर मला १/२५० च्या खाली भरवसा वाटत नाही. म्हणजे ट्रायपॉड आणि केबल रिलीज, दुसरा मार्ग नाही. त्यातही १/१५ ला माणूस स्वतःच हलतो, तिथे ट्रायपॉड काय करणार? पेंटॅक्स ६७ वाल्यांची पंचाईत आणखी मोठी: फोकल प्लेन शटर (फिल्मसमोरचं, पडद्याचं), फ्लॅश जुळतो तो १/३० ला, आणि आरसा वर जाताना बसणारा धक्का असा की हलका ट्रायपॉडसुद्धा थरथरतो. त्यांनी आरसा आधी वर करून मगच शटर सोडावं.

आता ती अंधाराची गोष्ट. व्ह्यूफाइंडरमध्ये आता एफ/५.६ चा उजेड येतो. स्क्रीनच्या मधोमध स्प्लिट इमेज (फोकससाठीचा दोन अर्ध्यांचा गोल) असेल तर तिचा अर्धा भाग काळा पडायला लागतो. डोळा बरोबर मधोमध धरला तर दिसतो, जरा सरकला की गेला. ती नुसती अडगळ होते. फोकस तिच्या बाहेरच्या साध्या मॅट भागावर करायचा. जुनी काळपट स्क्रीन असेल तर कन्व्हर्टरवर खर्च करण्याआधी अ‍ॅक्युट-मॅट स्क्रीन बघा, कन्व्हर्टर नसतानाही तिचा उपयोग होईल. कमरेवरच्या फाइंडरमधलं भिंग दर वेळी उघडा. आणि फ्लॅशचा मॉडेलिंग लाइट पूर्ण ताकदीवर ठेवा, तो फोकससाठीच असतो असं समजा.

चूक किती चालते? अर्धा मीटरची फ्रेम, प्रत्यक्ष एफ/५.६, तर शार्प दिसणारा पट्टा सगळा मिळून जेमतेम पाच सेंटिमीटर. २५ सेंटिमीटरच्या फ्रेमला तोच पट्टा दीड सेंटिमीटरच्या आत येतो, म्हणजे डोळा शार्प आणि भुवईचं बाहेरचं टोक गेलेलं. स्टुलावर ताठ बसलेला माणूस श्वास घेताना दोनतीन सेंटिमीटर सहज पुढेमागे होतो, त्याला कळतही नाही. म्हणून मी स्टूल देत नाही. पाठ असलेली खुर्ची, नाहीतर समोर टेबल आणि त्यावर कोपरं टेकलेली. कोपर टेकलं की डोकं स्थिर होतं आणि हातांना काय करायचं हा प्रश्नही सुटतो. फोकस जवळच्या डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यावर करायचा. पापणीवर करायला गेलात तर अंधुक स्क्रीनवर पापणी सापडत नाही, पण तो ठिपका सापडतो: फोकस बरोबर आला की तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात तेजस्वी होतो. रिंग जरा पुढे न्यायची, परत आणायची, ठिपका आवळला की थांबायचं आणि दोन सेकंदांच्या आत शटर. त्याहून जास्त वेळ गेला तर पुन्हा फोकस. हे बारा फ्रेमना बारा वेळा करावं लागतं आणि कंटाळा येतो, पण ज्या फ्रेमला मी कंटाळा केला तीच समोरच्याला नेमकी आवडली आणि तीच मऊ निघाली, असं माझ्या बाबतीत झालेलं आहे.

आता शार्पनेस, थोडक्यात. कन्व्हर्टर म्हणजे लेन्सने बनवलेली प्रतिमा फुगवून फिल्मवर टाकणारं ऋण भिंग. लेन्सचे दोषही त्यासोबत फुगतात. समजा लेन्स मिलिमीटरला ६० रेषा-जोड्या (बारकाव्याचं माप) दाखवत असेल, तर टू-एक्सने उत्तमात उत्तम ३० उरतील. ५६ मिमीच्या निगेटिव्हचा ४० सेंटिमीटरचा प्रिंट म्हणजे सातपट वाढ. प्रिंटवर मिलिमीटरला चार उरल्या. वाचायच्या अंतरावरून डोळ्याला पाचाच्या आसपासचं दिसतं, पण एवढा प्रिंट त्याहून लांबूनच बघतात. म्हणजे नाकाला प्रिंट लावून बघणाऱ्यालाच फरक कळेल, आणि तो पोर्ट्रेट बघतच नाहीये. शिवाय कन्व्हर्टर लेन्सच्या प्रतिमेचा मधला भागच वापरतो, कडांचा कमजोर भाग बाहेर राहतो. कन्व्हर्टरच्या स्वतःच्या कडा मऊ असतात खऱ्या, पण पोर्ट्रेटच्या कडेला असतो तो पडदा. एक स्टॉप बंद करा, रिंगवर ४ म्हणजे प्रत्यक्ष ८, आणि हा विषय सोडून द्या.

कॉन्ट्रास्टचं मात्र बघावं लागतं. मध्ये चारपाच काचा वाढल्या, जुन्या कन्व्हर्टरवरचं कोटिंग बेताचं. मागून येणारा उजेड चेहऱ्याच्या कडेवर घेतलात की सावल्यांवर राखाडी पडदा चढतो. त्वचेला तो थोडा मानवतो, वयस्क माणसाच्या पोर्ट्रेटला मी मुद्दाम राहू दिलेला आहे. पण नको असेल तेव्हा ८० चं आखूड हूड काढून १०० ते २५० मिमीसाठीचं लांब हूड लावा. कन्व्हर्टरमुळे दृश्याचा कोन अरुंद झालेला असतो, त्यामुळे ते फ्रेममध्ये येत नाही. ८० आणि १५० दोन्ही सीएफ मालिकेच्या असतील तर हूड एकाच मापाचं बसतं, पुढे १५० घेतलीत तर तिलाही चालेल.

मागचं किती धूसर होईल, याबद्दल दोन्ही टोकांचं ऐकू येतं. हिशोब सोपा आहे. खूप लांबच्या पार्श्वभूमीची धूसर चकती, चेहऱ्याच्या प्रतलावर मोजली तर, लेन्सच्या उघड्या तोंडाएवढी असते. ८० ला २.८ ने भागा: २८.६ मिमी. कन्व्हर्टर लावून १६० ला ५.६ ने भागा: पुन्हा २८.६. तेवढीच. म्हणजे दोन स्टॉप गेले तरी, चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवलात तर, धूसरपणा गेला नाही. सॉनार १५० एफ/४ चं, म्हणजे हॅसलब्लाडच्या १५० चं, तोंड ३७.५ मिमी, तिची चकती एक तृतीयांश मोठी. हा फरक प्रिंटवर दिसतो, आणि १५० घ्यायला शार्पनेसपेक्षा हे मला जास्त खरं कारण वाटतं. ते आणि व्ह्यूफाइंडरमधला एक स्टॉप जास्त उजेड.

मग कन्व्हर्टरऐवजी सरळ क्रॉप का करू नये? पावणेदोन मीटरवर उभं राहा, ८० ने काढा, मधला २८ मिमी चौकोन वापरा. पर्स्पेक्टिव्ह तोच मिळेल. निगेटिव्हचा तुकडा मात्र ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षाही लहान झाला, आणि मग एवढा जड कॅमेरा कशाला उचलला, असं वाटतं. पण घाई नको. कन्व्हर्टर नसल्याने दोन स्टॉप वाचलेत, तर एचपी५ प्लस ४०० च्या जागी एफपी४ प्लस १२५ घालता येते. उजेड कमी असेल तेव्हा बारीक ग्रेनच्या फिल्मचा क्रॉप आणि जाड ग्रेनची पूर्ण फ्रेम यांत उन्नीस-बीसचाच फरक उरतो. फ्लॅशवर मात्र दोन्हीकडे एफपी४ चालते, तिथे कन्व्हर्टर सरळ जिंकतो. १.४-एक्स चं उत्तर याउलट आहे. त्याची बरोबरी ४० मिमी चौकोनाच्या क्रॉपशी, आणि तो ६४५ (६ × ४.५ सेंमी) फ्रेमच्या आखूड बाजूएवढा जवळजवळ असतो. तेवढ्यासाठी मध्ये काच घालू नका, क्रॉप करा. तुमच्याकडे १५० असती तर तिच्यावर १.४ लावून २१० करण्यात अर्थ होता. तिच्यावर टू-एक्स नको: ३०० एफ/८, खांद्यापासून वरच्या फोटोसाठी सव्वातीन मीटर लांब, चेहरा चपटा आणि समोरच्याशी ओरडून बोलायचं.

६४५ वाल्यांना एक ओळ: ब्रोनिका ईटीआरवर ७५ एफ/२.८ ची १५० एफ/५.६ होते, पण त्या माउंटची १५० एफ/३.५ अस्सल लेन्स आहे, मिळाली तर तीच घ्या. आणि यशिका मॅट किंवा रोलायफ्लेक्ससारख्या न निघणाऱ्या लेन्सच्या टीएलआरला (वर-खाली दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला) हा सगळा विषय लागू नाही. तिथे मागे लावायला जागाच नाही. रोलायसाठी पुढून चढवायचं १.५-एक्स म्युटार निघालं होतं. हॅसलब्लाडच्या मागे बसणाऱ्या टू-एक्स कन्व्हर्टरचं नावही म्युटारच, त्यामुळे जुना माल घेताना नाव वाचून फसू नका.

शेवटचं, आणि हॅसलब्लाडवाल्यांसाठी सगळ्यात महागात पडणारं. कन्व्हर्टरमधून एक दांडी जाते जी बॉडीकडून लेन्सचं शटर भरते (ताणून तयार ठेवते). बॉडी, कन्व्हर्टर, लेन्स, तिघेही भरलेल्या स्थितीत असतील तरच जोडायचे. आधी कन्व्हर्टर बॉडीला, मग लेन्स कन्व्हर्टरला. काढताना आधी लेन्स, मग कन्व्हर्टर. मी एक वापरलेला टू-एक्स घेतला होता, त्याची दांडी झिजलेली. समोर माणूस बसलेला असताना लेन्स अडकली, ना पुढे ना मागे. बॅक (फिल्मचा मागचा डबा) काढून मागची झडपं उघडून लांब स्क्रू-ड्रायव्हरने दांडी फिरवता येते, पण कन्व्हर्टर मध्ये असताना घसरलात तर काचेवर ओरखडा पडतो. मी मेकॅनिककडेच नेला आणि तो दिवस गेला. म्हणून घेण्याआधी दांडी एका टोकाने फिरवून बघा, दुसरं टोक लगेच फिरलं पाहिजे, मध्ये ढिलेपणा नको. काचेतून टॉर्च तिरका मारून धुकं किंवा बुरशी बघा. मग लेन्ससह कॅमेऱ्यावर लावून, बॅक काढून, प्रत्येक स्पीडला दोनतीनदा शटर सोडा.

चांगला निघाला तर एक रोल चाचणीत घालवा. फ्लॅश, ट्रायपॉड, टेपची पट्टी, समोर कोपरं टेकून बसलेलं कुणीतरी धीराचं माणूस. तीन फ्रेम नुसत्या ८० ने, क्रॉपसाठी. तीन कन्व्हर्टर लावून, रिंग २.८ वर; तीन ४ वर; तीन ५.६ वर. दर वेळी फ्लॅशची ताकद बदलून एक्स्पोजर सारखं ठेवा. मग लाइट टेबलवर भिंग लावून आधी डोळा बघा, नंतर डोळ्याशेजारचे कानशिलावरचे केस. डोळा मऊ आणि केस शार्प असतील तर कन्व्हर्टर बरा आहे, फोकस तुमचा चुकलाय.